दोन बांध

टिलरचं हँडल रंगुबाईच्या तोंडावर आलं, त्या दिवशी सकाळपासून पुंजारामची घाई चालली होती. वरच्या खाचरात पाणी चांगलं साचलं होतं, राबातली भाताची रोपं वीतभर वाढून टोकाला पिवळी पडायला लागली होती, आणि चिखलणी अजून निम्मी राहिली होती. टिलर, म्हणजे चिखलणीचं हातानं चालवायचं यंत्र, जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. त्याला बटण नव्हतं. पुंजाराम लोखंडी हँडल दोन्ही हातांनी गरागरा फिरवायचा, रंगुबाई इंजिनावरची कळ दाबून धरायची, आणि तो "सोड" म्हणाला की सोडायची. तीन पावसाळे नवरा-बायकोचं हे असंच चाललं होतं.

त्या दिवशी तिनं कळ सोडली, इंजिन एकदा खोकलं आणि उलटं फिरलं. हँडल निसटून हवेत उडालं आणि रंगुबाईच्या डाव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर बसलं.

ती ओरडली नाही. चिखलात खाली बसली आणि गालाला हात लावून बघायला लागली, जणू काहीतरी पडलंय ते शोधतेय. बोटांमधून रक्त खाचराच्या पाण्यात उतरलं. पुंजाराम धावला, तिच्या पदराचा बोळा करून त्यानं गालावर दाबला.

"रंगू, आगं बोल काहीतरी."

"रोपं सुकतील," ती म्हणाली.

वाडीतल्या गोरक्षची जीप भंडारदऱ्याकडं निघाली होती. ती वळवून त्यानं दोघांना तालुक्याच्या गावी नेलं. डॉक्टरांनी सात टाके घातले, एक एक्स-रे फोटो काढला, बॅटरी मारून डोळा बघितला. बुबुळाला धक्का नाही, सूज उतरली की बरं वाटेल, दहा दिवस आराम करा, असं सांगितलं.

आराम चार दिवस झाला. पाचव्या दिवशी रंगुबाई चुलीपुढं बसली. डावा डोळा सुजून बंदच होता, गालाला हात लावला तर दुसऱ्याच कुणाच्या गालाला लावल्यासारखं वाटायचं. भाकरीचा तुकडा वरच्या ओठाला चिकटून राहिला तरी तिला कळायचं नाही. सासू साळूबाई सांगायची, "तोंड पुस." मग ती पुसायची.

बाराव्या दिवशी डोळा उघडला. समोर चूल होती आणि तिच्या जरा वर, थोडी तिरपी, आणखी एक चूल होती. दोन्हींत जाळ होता. रंगुबाईनं डोळे मिटले, पाण्याचा हबका मारला, पुन्हा बघितलं. दोन्ही चुली तिथंच.

सुजेमुळं असेल, असं ती मनाशी म्हणाली आणि कुणाला बोलली नाही.

आवणीचे, भातलावणीचे दिवस. वाडीत सावड होती, म्हणजे आज एकीच्या खाचरात सगळ्याजणी, उद्या दुसरीच्या. मजूर लावायची रीतच नव्हती. जी दुसऱ्याकडं जाणार नाही, तिच्याकडं कुणी का यावं? आणि सगळ्या सावडीत रंगुबाईचा हात पुढचा. वीस वर्षं ती ओळीच्या उजव्या टोकाला उभी राहायची, बाकीच्या तिच्याकडं बघून आपली ओळ धरायच्या. शेजारच्या जयाच्या खाचरात आवणी होती, त्या दिवशी ती प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन घरातून निघाली.

"जाऊ नको," पुंजाराम म्हणाला. तो दाराशी बसून खुरपं घासत होता. मान वर न करता म्हणाला.

"उद्या जया माझ्याकडं येनारच हाय. न जाऊन कसं चालंल?"

जयाच्या खाचरापर्यंत बांधावरून जायचं होतं. बांध हातभर रुंद, दोन्ही बाजूंनी चिखल. रंगुबाईला पुढं दोन बांध दिसत होते, एकातून एक फुटल्यासारखे. तिनं त्यातला जास्त ठळक दिसणारा निवडला आणि पाय टाकला. तिथं काही नव्हतं. ती मांडीपर्यंत चिखलात गेली.

बायका हसल्या. कुणी पडलं की हसायचंच, ती स्वतःही हसायची. पलीकडच्या बांधावर बैलाला चारा घेऊन निघालेला भिमाजी थांबला. सत्तरीचा माणूस, वाडीत सगळ्यांचा चुलता.

"सूनबाई, सकाळी सकाळी?" असं म्हणून त्यानं अंगठा तोंडाशी नेला.

आता बायका जास्तच हसल्या. रंगुबाई हसली नाही. चिखल झटकत ती ओळीच्या उजव्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि रोपांची मूठ सोडली.

वाकून खाली बघितलं की पाण्यात आपलाच हात दोनदा दिसायचा. ती रोप खुपसायची, ते ओळीत बसलंय असं वाटायचं, आणि बोटं पुढं गेली की तिथं आधीच लावलेलं रोप बोटांखाली यायचं. एक डोळा मिटला तर एकच दिसायचं, पण मग पाणी किती खोल आणि चिखल कुठं हेच समजायचं नाही. तासाभरात कपाळ ठणकायला लागलं. ती सरळ उभी राहिली, मान वर केली, तेव्हा तिला जया दिसली. जया आपली ओळ सोडून रंगुबाईच्या पुढ्यात आली होती आणि रंगुबाईनं लावलेली रोपं उपटून पुन्हा सरळ लावत होती. कुणाला दिसू नये अशा बेतानं, गुपचूप.

दोघींची नजर भेटली. जया म्हणाली, "वैनी, जरा बसा. च्या आनते."

रंगुबाई बांधावर जाऊन बसली आणि तिथंच ओकली. पोटुशी असताना, तापात, कमरेत उसण भरली असताना ती या कामाला उभी राहिली होती. आज पहिल्यांदा तिची ओळ दुसऱ्या बाईनं उपटून लावली होती.

घरी साळूबाईनं तिला लवकर आलेलं बघितलं. म्हातारी ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"काय झालं?"

"डोळ्याला नीट दिसत न्हाई, आत्याबाई. सगळं दोन दोन दिसतंय."

साळूबाईनं तिला उजेडाकडं वळवलं आणि निरखून बघितलं. टाक्यांचा व्रण सुकला होता. बुबुळ काळंभोर, पांढरा भाग स्वच्छ.

"डोळा तर टकाटका बघतोय की," ती म्हणाली. "डाक्टरबी म्हनला चांगला हाय. आवनीलाच बरी दुखनी निघत्यात." आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

रंगुबाई आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली.

पुंजाराम त्या दिवसापासून टिलरच्या जवळ गेला नव्हता. टिलर बांधावर कागदाखाली झाकून पडला होता. त्यानं भिमाजीचे बैल मागून आणले होते आणि उरलेली चिखलणी बैलांनी करत होता. दिवसभर पायाला चिखल, पाठीवर पाऊस, आणि घरी आला की खाली मान घालून जेवायचा. बायकोच्या तोंडाकडं तो बघत नसे. ताट वाढताना तिच्या हाताकडं बघे.

दोन दिवसांनी संध्याकाळी तिनं त्याला चहा ओतून दिला. किटलीची धार कपाशेजारून सरळ त्याच्या पायावर गेली. तो झटक्यात उठला. भाजलेल्या पायाकडं बघायचं सोडून त्यानं तिच्याकडं बघितलं. डावा डोळा उजव्यापेक्षा थोडा आत गेलेला होता. हे त्याला आजच दिसत होतं.

त्यानं तिच्यासमोर बोट धरलं. "किती हायत?"

"दोन. एक खाली, एक वर."

"कवापासनं?"

"सूज उतरल्यापासनं."

"आन सांगितलं न्हाईस?"

"आत्याबाईस्नी सांगितलं. तुमी बघतच न्हाई माझ्याकडं. सांगायचं कसं?"

पुंजाराम खाली बसला. भाजलेला पाय चोळायला लागला.

"मला वाटलं, तू माझ्यावर चिडलीस," तो म्हणाला. "हँडलाची खाच झिजली व्हती. मला ठावं व्हतं. आवनी उरकली की बदलू म्हनलं."

"मलाबी ठावं व्हतं," रंगुबाई म्हणाली. "मीच कळ धरत व्हते की."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या जीपनं ते निघाले, अकोल्याहून एसटीनं नगरला पोचले. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात राजनंदिनी नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. वय तिशीचं, बोलणं सावकाश. त्यांनी रंगुबाईची हनुवटी धरून ठेवली आणि पेनाचं टोक वर, खाली, डावीकडं, उजवीकडं नेलं. "मान नाही हलवायची. फक्त डोळे." पेन वर गेलं तेव्हा उजवा डोळा वर गेला, डावा मधेच अडला.

"हे बघा," त्या पुंजारामला म्हणाल्या. "तुम्हीही बघा."

पुंजारामनं बघितलं. खुंटीला बांधलेलं जनावर दावं संपल्यावर थांबतं, तसा तो डोळा थांबत होता.

पुढच्या तपासणीत कळलं की डोळा ज्या खोबणीत बसतो, तिच्या तळाचं पातळ हाड फुटलं होतं आणि डोळा फिरवणारा एक स्नायू त्या फटीत अडकला होता. साध्या फोटोत ते दिसत नाही. शस्त्रक्रिया करावी लागणार होती, आणि उशीर आधीच झाला होता.

"आमची आवनी राह्यलीय," रंगुबाई म्हणाली.

"आवणी मी बघतो," पुंजाराम म्हणाला. पण बघणार कसा, हे त्यालाही माहीत नव्हतं.

त्यानं जयाला मोबाईल लावला. त्याला नीट बोलता येईना. जयानं सगळं ऐकून घेतलं. "भावजी, तुमी वैनीपाशी थांबा," एवढंच म्हणाली. शस्त्रक्रियेनंतर रंगुबाईच्या डोळ्यावर पट्टी होती, त्या दोन दिवसांत वाडीतल्या अकरा बायकांनी पुंजारामची दोन्ही खाचरं लावून टाकली. भिमाजीनं बैल स्वतः हाकले. म्हाताऱ्यानं जयाला विचारलं होतं, "ती प्यालेली न्हवती म्हन की." आणि उत्तराची वाट न बघता बैल जुंपले होते.

स्नायू सुटला, फुटक्या हाडावर बारीक जाळी बसवली. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी पेन वर नेलं तेव्हा डावा डोळा त्याच्यामागं गेला, थोडा मागं राहून, पण गेला. सगळ्यांना वाटलं, झालं.

पण झालं नव्हतं. भाद्रपदात खाचरं हिरवीगार झाली, रंगुबाई घरात कामं करायला लागली, आणि तरी संध्याकाळ होईतो तिचं डोकं जड व्हायचं. सरळ समोर बघितलं तर वस्तू एक दिसायची, मग ती चालायला लागली की फाटून दोन व्हायची. विहिरीच्या पायऱ्या ती बसून, एकेक चाचपत उतरायची. भांडं उचलायला हात पुढं केला की हात भांड्याच्या अलीकडंच मिटायचा. डावा डोळा आपोआप मिटला जायचा. सुईत दोरा ओवायला ती आता साळूबाईकडं जायची. ऐंशीला टेकलेल्या सासूकडं!

"आता तर आप्रेशनबी झालं," साळूबाई सुई ओवून देत म्हणायची. "डाक्टरनीबी सांगितलं डोळा फिरतोय म्हनून. मग आता काय ऱ्हायलं?"

कधी कधी रंगुबाईला स्वतःलाच वाटायचं, म्हातारी म्हणते ते खरं असेल. आपल्याला भीतीच बसली असेल. कामाची सवय मोडली असेल.

पुढच्या तपासणीला ती हे डॉक्टरांजवळ बोलली. "मॅडम, डोळा चांगला हाय म्हन्ता. मग माझंच डोकं फिरलंय का?"

राजनंदिनी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी काचा बदलून बदलून पुन्हा तासभर तपासलं आणि म्हणाल्या, "डोक्यातच आहे. पण तुम्ही म्हणता तसं नाही. तोंडाला मार लागल्यावर डोळे नीट फिरेनासे झालेल्या माणसांच्या मेंदूत काय बदलतं, याचा आम्ही इथं अभ्यास करतोय. तुमची तयारी असेल तर तुमच्याही मेंदूचा स्कॅन करू. सुई नाही, चिरफाड नाही. फक्त न हलता पडून राहायचं. नाही म्हणालात तरी तुमचे उपचार चालूच राहतील."

रंगुबाईनं पुंजारामकडं बघितलं. तो म्हणाला, "तुझं तू ठरव."

"करा," ती म्हणाली.

मशीनच्या खोलीबाहेर नर्सनं अंगावरच्या धातूच्या सगळ्या वस्तू काढायला सांगितल्या. बांगड्या निघाल्या, जोडवी साबण लावून निघाली. मंगळसूत्रापाशी रंगुबाईचा हात थांबला.

"हे कधी काढलं न्हाई."

"दे माझ्यापाशी," पुंजाराम म्हणाला आणि हात पुढं केला.

ती आत गेली. डोकं एका पोकळ नळीत गेलं, आणि थोड्या वेळानं मशीन सुरू झालं. ठक ठक ठक ठक. मग घरघर. हुबेहूब टिलर. रंगुबाईचं सगळं अंग ताठ झालं. आता इंजिन उलटं फिरणार, असं वाटून तिनं दातांवर दात दाबले. हातात एक रबरी फुगा दिला होता, भीती वाटली तर दाबा म्हणून. तिनं तो दाबला नाही. समोर एक बारीक खूण होती, तिच्याकडं बघत राहायला सांगितलं होतं. खूण एकाची दोन व्हायची, दोनाची एक व्हायची. तिला आपली खाचरं आठवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत मनातल्या मनात ती एकेक रोप लावत गेली, उजवीकडून डावीकडं. खालचं खाचर संपलं आणि वरचं अर्धं झालं तेव्हा मशीन थांबलं.

बाहेर पुंजाराम भिंतीला टेकून उभा होता. त्यानं मूठ उघडली तेव्हा मंगळसूत्राच्या मण्यांचे व्रण त्याच्या तळहातावर उमटले होते.

आठवड्यानं मॅडमनी त्यांना पडद्यावर चित्र दाखवलं. राखाडी, अक्रोडाच्या गरासारखं काहीतरी. त्यावर काही ठिकाणी लाल, काही ठिकाणी निळे डाग.

"दोन डोळे दोन चित्रं पाठवतात," त्या म्हणाल्या. "त्यांचं एक करण्याचं काम मेंदूचं. तुमचा डोळा इतके दिवस अडकला होता, तेव्हा दोन चित्रं जुळतच नव्हती. मेंदू भांबावला. हा मागचा भाग बघण्याचं काम करतो. चांगल्या डोळ्यांच्या माणसांशी ताडून बघितलं तर इथं हालचाल कमी दिसतेय. आणि हा खालचा भाग डोळ्यांच्या हालचालींचा मेळ घालतो. इथं नको तितकी जास्त. म्हणजे तो एकटाच राबतोय. आम्हीही अजून शिकतोय, या चित्रावरून सगळं सांगता येतं असं नाही. पण डोळा सुटला तरी मेंदूची सवय अजून सुटलेली नाही, असं मला वाटतं."

रंगुबाई पडद्याकडं बघत होती. लाल डाग तिला दोन दिसत होते.

"म्हंजी मी खोटं बोलत न्हवते," ती म्हणाली.

"नाही हो."

"हे फोटोत आलंय."

"आलंय."

तिनं पदर तोंडाला लावला. पुंजाराम उठला आणि खिडकीपाशी जाऊन बाहेर गाड्या बघत राहिला.

मग मॅडमनी एक दोरा दिला, तीन रंगांचे मणी ओवलेला. एक टोक खिडकीला बांधायचं, दुसरं नाकाच्या शेंड्याशी धरायचं. लांबच्या मण्याकडं बघायचं, मग मधल्या, मग जवळच्या. ज्या मण्याकडं बघाल तो एक दिसला पाहिजे, आणि त्याच्यापाशी दोऱ्याची फुली दिसली पाहिजे.

"दोन दोरे दिसतील मग," रंगुबाई घाबरून म्हणाली.

"इथं दोन दिसणंच बरोबर आहे. दोन दोरे दिसले म्हणजे दोन्ही डोळे कामावर आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ. कंटाळा येईल, डोकं दुखेल. पण मेंदू शिकतो, रंगुबाई. उशिरा शिकतो, पण शिकतो."

घरी आल्यावर पुंजारामनं आईला समोर बसवून सगळं सांगितलं. त्याला निम्मंच समजलं होतं, तरी तेवढं सांगितलं. साळूबाई ऐकत होती. "डोक्यातलं फोटोत निघतं?" तिनं एकदा विचारलं. "निघतं, आये. आमी बघितलं." म्हातारी उठून गेली. रात्री जेवताना तिनं स्वतःच्या ताटातलं दही सुनेच्या ताटात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगुबाई दोरा घेऊन खिडकीपाशी गेली, तर तिथं साळूबाई आधीच बसली होती.

"कसं करायचं ते मला दाव," ती म्हणाली. "तू एकटीनं केलंस तर मधीच सोडशील. तुझा सोभाव मला ठावं हाय."

त्या दिवसापासून म्हातारी दोऱ्याची राखणदार झाली. दोऱ्याचं टोक ती सुनेच्या नाकाशी धरायची, दुसऱ्या हाताच्या काडीनं मण्यावर टकटक करायची. "हिरवा. किती?" "दोन." "पुन्हा बघ. हिरवा?" "दोनच हायत." "घाई नको करूस. आता?" अशा दहा-दहा मिनिटं दोघी समोरासमोर. कधी म्हातारीचा हात थरथरायचा, मग मणी नाचायचे, मग दोघी एकमेकींवर चिडायच्या. शेजारच्या जयानं एकदा खिडकीतून डोकावून विचारलं, "काय चाललंय सासू-सुनंचं?" साळूबाई म्हणाली, "शाळा."

पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही. उलट डोकं जास्त दुखलं, एकदा रंगुबाईनं दोरा फेकून दिला आणि गोठ्यात जाऊन रडली. साळूबाई काठी टेकत गोठ्यात आली.

"झालं रडून?"

"न्हाई व्हनार हे, आत्याबाई. एवढी आवनी गेली, आता कापनी जाईल. लोकं काय म्हनतील?"

"लोकांचं जाऊ दे. सगळ्यांच्या आधी मीच म्हनले व्हते," म्हातारी म्हणाली. तिनं गाईच्या पाठीवर हात ठेवला. "चूक झाली माझी. चल, पिवळा मनी ऱ्हायलाय."

दसऱ्याच्या सुमाराला एका सकाळी लांबचा मणी एक झाला. रंगुबाईला खात्री नव्हती. तिनं पापण्या मिटून पुन्हा उघडल्या. मणी एकच होता आणि त्यातून दोऱ्याची स्वच्छ फुली निघाली होती.

"आत्याबाई, लाल एक हाय."

साळूबाईनं काडी खाली ठेवली. "पुन्हा सांग."

"एक हाय."

मधला मणी व्हायला आणखी तीन आठवडे गेले. जवळचा कधी व्हायचा, कधी फुटायचा. कापणीला रंगुबाई गेली, पण टोकाला नाही, मधे उभी राहिली. विळा हळू चालवला. कापलेल्या भाताच्या बुडख्यांची उंची वेडीवाकडी झाली, पण बोटं शाबूत राहिली. दुपारनंतर डोळे थकले की ती पेंढ्या बांधायला बसायची. ओठाला मुंग्या येत होत्या. मॅडम म्हणाल्या, ही चांगली खूण आहे, गालाला जाग येतेय.

मार्गशीर्षात झोडणी संपली. दाणा घरात आला, पेंढा अंगणात पडला. आता गाईगुरांसाठी त्याची गंज रचायची होती. खाली लाकडांचा माच, त्यावर पेंढ्यांचे थर गोल रचत न्यायचे, वर निमुळतं करायचं आणि कागद घालून बांधून टाकायचं. जयाचा नवरा सुनील मदतीला येणार होता. तो आलाच नाही, त्याच्या विहिरीची मोटर जळाली होती. आणि दुपारी रतनगडाच्या बाजूनं काळं आभाळ चढायला लागलं. पावसाळा सरून दोन महिने झालेले, पण अलीकडं पावसाचा भरवसा राहिला नव्हता. पेंढा भिजला तर काळा पडणार, गुरं तोंड लावणार नाहीत.

गंज छातीइतकी झाली तोवर पुंजारामनं खालूनच रचली. मग वर कुणीतरी उभं राहणं भाग होतं.

"मी चढतो. तू खालून फेक," तो म्हणाला.

"मला फेकवंल का एवढ्या वर? आन तुमच्या वजनानं सगळी एका अंगाला बसंल." रंगुबाईनं पदर खोचला. "शिडी लावा."

"रंगू, वर बघायचं न्हाई तुला, खाली बघायचंय. फेकलेली पेंढी धरायची हाय."

"शिडी लावा म्हनते ना."

ती चढली. एकेक पायरी पायानं चाचपत, मग न चाचपता. वर उभी राहिली तेव्हा पायाखालचा पेंढा दबला, पुन्हा वर आला. साळूबाई ओसरीतून काठी टेकत अंगणात येऊन उभी राहिली.

पुंजारामनं पहिली पेंढी फेकली. ती डावीकडून वर आली आणि येता येता दोन झाली. रंगुबाईनं त्यातली एक धरायला हात पुढं केला. हातात हवा आली. खरी पेंढी तिच्या खांद्यावर आपटून खाली गेली. ती डगमगली, गुडघ्यावर बसली.

"बास," पुंजाराम ओरडला. "उतर खाली."

रंगुबाई गुडघ्यावरच राहिली. श्वास घेतला. डावीकडून आलेली पेंढी फुटली होती. समोरची नसती फुटली. कोपऱ्यातलं अजून दोन दिसत होतं, समोरचं एक दिसत होतं. मग पेंढी समोरून यायला पाहिजे. एवढंच.

ती उठली. पायांत थोडं अंतर घेतलं. मान डावीकडं वळवून तिनं नवऱ्याला बरोबर समोर घेतलं.

"हितं या. माझ्या नाकासमोर. व्हय, तिथंच. आता फेका. सावकाश नको, रोजच्यासारखी."

पेंढी आली. एकच. तिच्या दोन्ही हातांत येऊन बसली. तिनं ती फिरवून बुडखा बाहेर, शेंडा आत असा थरावर ठेवला आणि पायानं दाबला.

"दुसरी."

दुसरी आली. तिसरी आली. ती गंजीवर सरकत गेली तसा पुंजारामही खाली तिच्यासमोर सरकत गेला. सतरावी की अठरावी निसटली. मग पुन्हा नाही. वारा सुटला, तिच्या केसांत पेंढ्याचं कुसळ अडकलं, हात खाजायला लागले. जया तिच्या अंगणातून बघत होती, ती धावत आली आणि पुंजारामला पेंढ्या हातात द्यायला लागली. आभाळ अंगावर आलं होतं. वरचा थर निमुळता झाला, मग पुंजारामनं कागदाचं टोक वर फेकलं, तिनं धरलं, ओढून शेंड्यावर पसरलं.

साळूबाई डोळ्यांवर हात धरून बघत होती.

"डावीकडं कलली गं गंज," ती खालून ओरडली. "वाकडी झाली सगळी. उतरव वरचे दोन थर."

पुंजाराम थांबला. जयानं मागं सरून बघितलं. तिलाही नक्की सांगता येईना.

रंगुबाईनं वरून खाली बघितलं. चारी बाजूंनी माच बघितला, थरांची कड बघितली, पलीकडं गोठ्याचा खांब बघितला. एकेका ठिकाणी नजर ठेवली आणि तिथं ती टिकली.

"सरळ हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमी तिरप्या उभ्या हायत."

जया आधी हसली. मग पुंजाराम. मग साळूबाईनं काठी उचलून दोन पावलं उजवीकडं टाकली आणि पुन्हा बघितलं.

"व्हय गं," ती म्हणाली. "सरळ हाय."

पहिले थेंब कागदावर वाजले. रंगुबाईनं दोरी आवळून गाठ मारली आणि शिडी मागितली.